ताटलीभोवतीचं पाणी

सतरा अर्ज पाठवले होते. नऊ कुत्र्यांच्या घरी, सात मांजरांच्या आणि एक कासवाच्या. त्यातले अकरा उघडून वाचले गेले होते, कारण वाचल्याची निळी खूण समोर दिसत होती. उत्तर एकच आलं होतं आणि त्यात फक्त "तुमची रास कोणती?" एवढंच विचारलं होतं. मी वृश्चिक म्हणून कळवलं. त्यानंतर तिकडूनही काही नाही.

"कासवानंपण उत्तर दिलं नाही?" तनुजा गादीची वळकटी बांधता बांधता म्हणाली. "ते हळूच यायचं गं. वाट बघ."

तनुजा कोल्हापूरची, माझी खोलीतली जोडीदार. एम.एस्सी.चा निकाल लागून गेला होता आणि महिनाअखेरीस वसतिगृहाची खोली रिकामी करायची होती. तिला हिंजवडीत नोकरी लागली होती, ती मावशीकडे चालली होती. माझी पीएच.डी.ची मुलाखत चार महिन्यांनी, पुण्यातच. तोवर डोक्यावर छप्पर हवं होतं. हिंगोलीला परत गेले असते तर काकांनी वसमतचं एक स्थळ धरून ठेवलं होतं, आणि मुलाखतीच्या तारखेपर्यंत माझं आडनाव ढवळे राहिलं नसतं.

ही अर्जांची वेबसाइट मला तनुजानंच दाखवली होती. लोक परगावी जाताना घर आणि घरातलं जनावर सांभाळायला कुणीतरी शोधतात. राहणाऱ्यानं भाडं द्यायचं नाही, त्यांनी पगार द्यायचा नाही. अर्ज करायचा आणि मालकाच्या उत्तराची वाट बघायची.

"बघू दे, काय लिहिलंयस ते." तिनं फोन हातातून काढून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. "'प्राण्यांचा अनुभव : विभागाच्या प्राणीगृहात दोन वर्षं पांढऱ्या उंदरांची देखभाल. रोजचं वजन, दिलेल्या आणि उरलेल्या अन्नाची नोंद, प्रयोगाअंती दयामरण.' प्रणिता! अगं येडी का खुळी तू? लोकांची लाडाची बाळं असतात ती. आणि तू सांगतेस, मी उंदीर मारायची म्हणून?"

"खरं तेच लिहिलंय."

"खरं लिहून नवरा मिळत नाही, घर कुठनं मिळायचं? ते दयामरण तेवढं काढ."

मी काढलं नाही. अठरावा अर्जही तसाच पाठवला. सहकारनगर, बैठा बंगला, एक म्हातारा कुत्रा, सहा महिने. तासाभरात उत्तर आलं : उद्या भेटायला येऊ शकाल का?

तनुजानं वळकटीवर बसून माझ्याकडे बघितलं. "कसली माणसं असतील गं ही?" ती म्हणाली.

बंगल्याचे मालक मिलिंद आठल्ये पंचावन्नचे असतील. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली. त्यांनी स्वतः फाटक उघडलं. "सर काय, काका म्हण." काकू, म्हणजे नीलिमाताई, आतून पन्हं घेऊन आल्या. दोघं मुलीकडे टोरांटोला चालले होते. दिवाणखान्याच्या भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. मी त्याकडे बघते आहे हे पाहून काका म्हणाले, "आल्यावर रंग काढायचाय."

कुत्रा जेवणघरात होता. तपकिरी, थोराड हाडापेराचा, बरगड्या मोजता येतील असा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका लाकडी पाटाशेजारी तो आडवा पडला होता. मी आले तेव्हा त्यानं एक डोळा उघडून मला पाहिलं आणि मिटला.

"हा बंडोपंत," काकू म्हणाल्या. "नाव आप्पांनी ठेवलं. माझे सासरे. फेब्रुवारीत गेले. तेव्हापासून हा जेवतच नाही. दिवसाआड चार घास, तेही कसेबसे. टॉनिक झालं, परदेशी डबे झाले."

"वय झालं," काका म्हणाले. "चौदा म्हणजे कुत्र्याचं खूप झालं. बरं, ते उंदरांचं सांग. शेवटी काय करायचात त्यांचं?"

मी सांगितलं. कुठला वायू, किती वेळ, मेल्याची खात्री कशी करायची.

"स्वतः करायचीस?"

"हो."

"हात नाही थरथरायचे?"

"पहिल्यांदा थरथरले. मग सर म्हणाले, आपला हात थरथरला की उंदराला जास्त त्रास होतो. तेव्हापासून नाही."

काकांनी काकूंकडे बघितलं. "बघ," ते म्हणाले. एवढंच.

काकूंनी पदराला हात पुसले. "ढवळे म्हणजे हिंगोलीकडचे का? घरात अंडंसुद्धा शिजवायचं नाही हं."

"मला चालेल."

"तुला चालेल का, असं नाही विचारलं मी."

काका हसले. मीही हसले. घर मिळालं होतं. आणखी एकच सूचना होती : शनिवारी सकाळी डॉक्टर पाटणकर बंडोपंतला बघायला येतील, त्यांना दार उघडायचं. त्याआधीच्या रविवारी दोघं निघाले. निघताना हातावर दही घालायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून काकूंनी वाटी माझ्या हातात दिली. मी दोघांच्या तळहातावर दही घातलं. काका बंडोपंतच्या डोक्यावर थापटून गेले. काकू मात्र जेवणघराच्या दारापर्यंतही आल्या नाहीत. त्यांना उशीर होत असेल, असं मला वाटलं.

प्राणीगृहाची सवय जात नाही. पहिलं काम मी वजनाचं केलं. न्हाणीघरात काटा होता. आधी मी एकटी उभी राहिले, मग बंडोपंतला उचलून. तो इतका ढिला पडला होता की उचलताना त्यानं पाय झाडले नाहीत. वजाबाकी : तेवीस किलो चारशे ग्रॅम. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनशे ग्रॅम आमटीभात तोलला आणि त्याच्या स्टीलच्या ताटलीत घातला. दुपारी ताटलीत तीनशे ग्रॅम होता. संध्याकाळीही. दूधभात दिला, पोळी कुस्करून दिली, भात कोमट दिला, गार दिला. ताटली दारात ठेवली, ओट्याखाली ठेवली. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तो उठून वास घ्यायचा, ताटलीसमोर बसायचा, माझ्याकडे बघायचा, आणि थोड्या वेळानं परत जाऊन पाटाशेजारी पडायचा.

त्या बसण्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. भूक नसलेलं जनावर ताटलीसमोर येऊन बसत नाही.

बुधवारी सकाळी भाताला काळ्या मुंग्या लागल्या. नवा भात घेतला आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून तांब्यातून ताटलीभोवती पाण्याचं कडं केलं. बंडोपंत उठला. नेहमीसारखा आला, बसला, पण आता त्याचे कान पुढे होते आणि नजर माझ्या हातावर होती. मी तांब्या खाली ठेवला, तशी त्यानं मान खाली घातली आणि जेवायला लागला. न थांबता, ताटली पुढे सरकवत, कड्याच्या बाहेर नेत, भिंतीला लागेपर्यंत.

उरला वीस ग्रॅम. तोही काठाला चिकटलेला.

एका निरीक्षणावर विश्वास ठेवायचा नसतो. संध्याकाळी पाण्याशिवाय ठेवलं, तर खाल्लं नाही. अर्धं कडं केलं, तरी नाही. कडं पुरं केलं, आणि खाल्लं. गुरुवारी सकाळी क्रम उलटा करून पाहिला. निकाल तोच. इतका स्वच्छ निकाल मला दोन वर्षांत एकाही प्रयोगात मिळाला नव्हता. मी एकटीच जेवणघरात टाळ्या वाजवल्या आणि बंडोपंतनं पहिल्यांदाच शेपूट हलवली.

संध्याकाळी टोरांटोला सकाळ झाल्यावर मी फोन लावला. काकूंनी घेतला.

"काकू, आप्पा जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवायचे का?"

"चित्राहुती घालायचे की. शेवटपर्यंत. खाली, पाटावर बसून. पाच शितं ताटाबाहेर ठेवायची, पाणी फिरवायचं, मग जेवायचं. का गं?"

"आणि बंडोपंत?"

"तो शेजारी. त्याच्याही ताटलीभोवती तेच पाणी फिरवायचे. म्हणायचे, पंतांची मुंज झालीये. आम्ही इतके हसायचो..."

"ते बंद झालं म्हणून तो जेवत नव्हता, काकू! बाकी काहीच नाही. कुणी पाणी फिरवायची वाट बघत बसायचा तो. आता रोज जेवतोय. तेवीस किलो नऊशे झालाय!"

मग काकूंचा आवाज फोनपासून लांब गेला, "अहो... तुम्हीच बोला हिच्याशी."

"बोल, प्रणिता," काका म्हणाले.

मी सगळं परत सांगितलं. अर्ध्या कड्याचंही सांगितलं.

"छान," ते म्हणाले. "हुशार आहेस. शनिवारी पाटणकर येतायत, लक्षात आहे ना?"

"तपासायची आता घाई नाही, काका. हवं तर पुढच्या आठवड्यात बोलावते."

"तपासायला नाही येत ते."

मला कळलं नाही. किंवा कळलं, पण मी दुसरा काही अर्थ निघतो का बघत राहिले.

"घर विकलंय आम्ही," काका म्हणाले. "सोमवारी ताबा द्यायचा. आम्ही परत येत नाही आणि त्याला इकडे आणणं शक्य नाही. चौदा वर्षांचा कुत्रा कोण घेतंय?"

"तुम्ही सहा महिने म्हणाला होतात."

"म्हणालो. एका आठवड्यासाठी तुझ्यासारखी मुलगी आली असती? बेचाळीस अर्ज आले होते आम्हाला. सगळ्यांचं आपलं एकच, मला डॉगीज खूप आवडतात. अशी मुलगी शनिवारी दार उघडते का? बंगला डोक्यावर घेईल. तू एकटीच वेगळी होतीस. मी हिला तेव्हाच म्हटलं."

"तुम्ही इथे असतानाच का नाही केलंत?"

"आप्पांचं वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत आमच्या हातून नको, असं हिचं म्हणणं." मग जरा मऊ आवाजात ते म्हणाले, "तू शास्त्राची मुलगी आहेस. भावनेत अडकू नकोस. दार उघड आणि आतल्या खोलीत जाऊन बस. झालं."

"पण तो जेवतोय, काका."

"हो, ऐकलं मी," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी हिंगोलीला फोन केला. बाबा म्हणाले, "तू ये की. रविवारी पाहुणे यायलेत बघायला. त्यात कुत्रं कुठं आणतीस?" तनुजा म्हणाली, "अगं, मावशीकडं मीच गॅलरीत झोपते. तिचा नवरा मला बघून गुरगुरतो, कुत्र्याला काय करेल?" दोन निवारागृहांना विचारलं. एकाकडे जागा नव्हती. दुसऱ्यानं वय विचारलं आणि "दहाच्या वरचा घेत नाही हो" म्हणून सांगितलं.

मग मी वेबसाइट उघडली. ज्यांनी मला बोलावलं नव्हतं त्या सतराही घरांना लिहिलं. कुत्रा, नर, वय चौदा, स्वभाव शांत, पूर्ण शाकाहारी. जेवणाआधी ताटलीभोवती पाणी फिरवावं लागतं, एवढीच अट. शनिवारच्या आत घर हवं आहे. वजन लिहिलं, त्याचा जेवतानाचा व्हिडिओ जोडला. आता मी वाट बघणारी होते ती त्याच्या वतीनं. निळ्या खुणा एकामागून एक येत गेल्या. तेरा जणांनी वाचलं.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. औंधहून कासवाच्या मालकीणबाईंचा निरोप होता : "उशिराबद्दल क्षमस्व. आम्ही रविवारपासून पाच महिने दुबईला आहोत. तुम्ही अजून मोकळ्या आहात का? कुत्रा आणू नये. टिल्लू घाबरतो."

मी तो तीनदा वाचला. बंडोपंत पायाशी पडला होता. त्याच्या पोटात भात होता आणि तो झोपेत पाय हलवत होता.

"कुत्रा बाहेरच्या गॅलरीत राहिला तर?" मी विचारलं.

"सॉरी," उत्तर आलं. "तासाभरात कळवा. दुसरी एक मुलगी तयार आहे."

मी कळवलं.

शनिवारी डॉक्टर पाटणकर आले ते चप्पल बाहेर काढून, बॅग घेऊन. साठीचे, जाड भिंगांचा चष्मा. बंडोपंत त्यांना ओळखत होता, उठून त्यानं त्यांचा हात हुंगला. डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, छातीला नळी लावली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"हा खात नाही, असं सांगितलं होतं मला."

"खातो. सहाशे ग्रॅम रोज. तीन दिवसांत किलोभर वाढलाय." मी त्यांना कसं ते सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"किती जगेल हा?" मी विचारलं.

"असाच जेवत राहिला तर वर्ष. दोनही काढेल."

"मग?"

"मग काय, बाई? कुत्रा त्यांचा आहे. लिहून दिलंय त्यांनी." ते जेवणघराच्या उंबऱ्यावरच बसले आणि खिशातून फोन काढला. आठल्यांशी पाचेक मिनिटं बोलले. जास्त वेळ ऐकत होते. फोन मांडीवर ठेवून मला म्हणाले, "एक होतं का बघा. ते म्हणतायत, कुणी आत्ताच्या आत्ता घेऊन जात असेल तर त्यांची हरकत नाही. मी आल्या पावली परत जातो. तुम्ही नेता?"

माझी बॅग बाहेरच्या खोलीत भरून ठेवलेली होती. ती त्यांना बसल्या जागेवरून दिसत होती.

"कुठे जाताय तुम्ही?"

"औंधला. कासव आहे त्यांच्याकडे."

"आणि हा?"

"चालत नाही म्हणाले."

डॉक्टरांनी मान हलवली. माझ्यासाठी वेगळा चेहरा केला नाही. "माझ्या घरी पाच आहेत," ते म्हणाले. "सहाव्याला बायको मला बाहेर काढेल." मग उठून त्यांनी बॅग उघडली. "वजन नक्की सांगा. गुंगीच्या गोळ्या त्यावर ठरतात."

मी काट्यावर एकटी उभी राहिले, मग त्याला उचलून. आता तो ढिला नव्हता. त्यानं पाय झाडले आणि माझा कान चाटला. चोवीस किलो चारशे ग्रॅम.

डॉक्टरांनी गोळ्या मोजून दिल्या. "अन्नातून गेल्या तर उत्तम. अर्ध्या तासात झोपेल, मग सुईचं त्याला काही कळायचं नाही. नाही खाल्ल्या तर तोंडाला जाळी बांधून, धरून इंजेक्शन द्यावं लागेल. या वयातही ताकद असते त्यांना. फार झगडतात. तुम्हीच ठरवा."

मी तीनशे ग्रॅम आमटीभात तोलला. गोळ्या चमच्यानं चुरून त्यात कालवल्या. ताटली पाटासमोर ठेवली.

बंडोपंत आला. वास घेतला. ताटलीसमोर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"खात नाहीये," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बॅगेतून जाळी काढली.

"थांबा," मी म्हणाले.

ओट्यावरून तांब्या घेतला. खाली बसले. पाण्याची धार बारीक धरावी लागते आणि हात एका गतीनं फिरावा लागतो, नाहीतर मध्ये फट राहते. फट राहिली असती तर त्यानं खाल्लं नसतं. माझा हात थरथरला नाही. सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक मिळालं. त्याचे कान पुढे झाले. मी तांब्या खाली ठेवला.

त्यानं मान खाली घातली. ताटली पुढे सरकत कड्याच्या बाहेर गेली आणि भिंतीला लागली. तिथेही त्यानं काठ चाटले, मग पाटाशेजारी जाऊन पडला.

मी ताटली उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दिलेलं अन्न तीनशे ग्रॅम. उरलेलं, शून्य.